टब अडकला आणि मामंजी सुटले

ग्लेनशी, गोअरजवळ
नोव्हेंबर १९७१

मोरागवन्सं यांना रोनाचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या फार सोपं झालंय. भिंती खरवडून खरवडून कंबर अशी धरलीय की सरळ होणंच अवघड.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? क्लाइव्हरावांचा खोकला थांबला का? टिमारूच्या समुद्री हवेचं ते मोठं कौतुक सांगत असतात, पण खोकतातही तिथंच, म्हणून विचारलं. इकडे सगळे सुखरूप. कोकरांचा हंगाम यंदा बरा गेला, पाऊस हवा तेव्हा आला आणि नको तेव्हाही आला. तुमचे बंधुराज खातात, पितात, रेडिओवर हवामान ऐकतात आणि ते चुकलं की रेडिओलाच चार शब्द सुनावतात. एकूण तब्येत उत्तम.

फोन न करता पत्र का लिहितेय, ते तुम्ही ओळखलंच असेल. आमच्या टेलिफोनच्या एकाच तारेवर पाच घरं आहेत आणि त्यातल्या शेजारच्या टलकबाई रिसीव्हर कानाला लावूनच भाजी चिरतात. मागं मी तुम्हाला फोनवर स्कोनचं प्रमाण सांगत होते, तर मध्येच आवाज आला, “रोना, दूध जास्त होतंय गं!” तेव्हा आतली गोष्ट कागदावरच बरी.

तर गोष्ट घराची. तुम्ही म्हणाल, त्या घराचं काय सांगायचं, मी तिथंच वाढले. वन्सं, तुम्ही वाढलात ते घर आता शोधावं लागेल. आणि सुरुवात मी केली हे मान्य, पण माझ्या मनात एवढंच होतं की मधल्या बोळाच्या भिंतीवरचा तो तपकिरी कागद काढून तिथं काहीतरी उजळ लावावं. तुम्हाला आठवत असेल, नैऋत्येचा वारा सुटला की तो कागद पोट फुगवल्यासारखा पुढं यायचा आणि वारा पडला की आत जायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री मला वाटलं होतं, घर घोरतंय. मामंजींपुढं विषय काढला तर ते म्हणाले, “भिंत उभी आहे ना? मग तिला काय झालंय?” सासूबाई गेल्यापासून या घरात एक खिळाही हलला नव्हता. कपबश्या त्याच फळीवर, त्याच क्रमानं. मी एकदा साखरेचा डबा डावीकडून उजवीकडे ठेवला, तर मामंजी तीन चमचे मीठ घातलेला चहा मुकाट्यानं पूर्ण प्यायले आणि कप ठेवताना फक्त म्हणाले, “चव बदललीय.”

मग आला टब. खालच्या अंगाच्या एका शेतावर सामानाचा लिलाव होता. बंधुराज तिकडे कुंपणाची तार आणायला गेले आणि ओतीव लोखंडाचा आंघोळीचा टब घेऊन आले. पाय सिंहाच्या पंजासारखे, आकार एखाद्या गाभण गाईएवढा. मी हर्षानं वेडी झाले. आजवर आपल्याकडे आंघोळ म्हणजे मागच्या अंगणातली धुण्याची खोली आणि जुलैच्या ऐन हिवाळ्यात तिथून घरापर्यंतची धाव. (आपल्या घरातल्या सगळ्यांचे पाय चपळ का, याचं मूळ तिथंच असणार.) मामंजींनी टबाकडे पाहिलं, टोपी मागं सारली आणि म्हणाले, “एवढं मळतं कोण?” आणि दुपारची झोप काढायला आपल्या खोलीत गेले.

तुमच्या भावानं पुढच्या दाराचं माप घेतलं. टबाचंही घेतलं. बोळ मध्येच वळतो, ही गोष्ट मात्र या घरात जन्मलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही. टब जड, म्हणून टलकबाईंना बोलवायचं ठरलं. पण बोलवावं लागलंच नाही, कारण लिलावाची बातमी तारेवरून आधीच गेली होती आणि त्या बाह्या सरसावून दारात उभ्या होत्या. बाईंच्या दंडात दोन मेंढ्यांचं बळ आहे. आम्ही तिघांनी टब कुशीवर घेतला, आत ढकलला, वळणावर तिरपा केला, आणि तिथं तो असा बसला की पुढं नाही, मागं नाही, वर नाही, खाली नाही. नेमका मामंजींच्या खोलीच्या दारात. आडवा.

आवाजानं मामंजी जागे झाले. दार आतल्या बाजूला उघडतं, ते उघडलं. समोर टबाचं बूड.

“नेव्हिल, हे माझ्या दारात काय उभं आहे?”

“टब आहे, बाबा.”

“ते दिसतंय मला. तो चाललाय कुठं?”

“सध्या कुठंच नाही.”

मग टबावरून एक हात वर आला आणि चहा मागितला. मी स्टुलावर चढून कप दिला, सोबत चीज भरून भाजलेल्या पावाच्या दोन सुरळ्या दिल्या. टलकबाईंनी साबणाचं पाणी ओतून पाहिलं, तर टब तसाच आणि आम्ही तिघं घसरून पडलो. बंधुराजांनी पहार आणली, ती भिंतीत घुसली आणि कागद, कागदाखालचं किंतान, किंतानाखालची कित्येक वर्षांची धूळ आणि उंदरांचं एक गजबजलेलं खटलं, सगळं आमच्या डोक्यावर आलं. पलीकडून मामंजींचा आवाज, “आता भिंतसुद्धा उभी नाही वाटतं.”

शेवटी ठरलं की त्यांना खिडकीतून काढायचं. आता वन्सं, त्या खिडकीचं तुम्हाला माहीत आहे की नाही, मला कल्पना नाही. सासूबाई गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मामंजींनी कपडे ठेवायचं ते मोठं कपाट ओढून खिडकीपुढं लावलं होतं. कारण विचारलं तर फटीतून वारा येतो म्हणाले. आम्हीही पुन्हा विचारलं नाही. त्याच खिडकीत बसून सासूबाई शिवण करायच्या आणि टेकडीवरून मामंजी आणि कुत्री उतरताना दिसले की उठून किटली ठेवायच्या, एवढं मला नेव्हिलनं सांगितलेलं. त्यामुळं कपाटामागं खिडकी आहे हे आम्ही सगळे जाणून होतो आणि सगळेच विसरल्याचं दाखवत होतो.

आम्ही बाहेरून जाऊन उभे राहिलो. नेव्हिल पटाशीनं चौकटीवरचा वाळका रंग फोडत होता. आत मामंजी एकटेच. कपाट भरलेलं असेल तर हलणार नाही, म्हणून त्यांनी ते आधी रिकामं करायला घेतलं. त्यात सासूबाईंचे कोट अजून टांगलेले होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बराच वेळ नुसता हँगरांचा आवाज येत होता, एक झाला की थोड्या वेळानं दुसरा. टलकबाई, ज्या देवळातही गप्प बसत नाहीत, त्या खाली बघून गवत उपटत राहिल्या. मग कपाटाचे पाय करकरले, काचेवरच्या धुळीत एक गोल पुसला गेला आणि त्या गोलात मामंजींचं नाक आलं.

खिडकी वर सरकली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं पायमोज्यांवर खिडकी ओलांडली, नेव्हिलचा हात झिडकारला आणि माझ्या नुकत्याच लावलेल्या डेलियांमध्ये सपशेल बसकण मारली. आम्ही धावलो. तर ते हसत होते! वन्सं, मी या घरात आल्यापासून त्यांना मिशीतल्या मिशीत हसताना पाहिलंय. हे तसलं नव्हतं, पोट धरून होतं. टेकडीवरची कुत्री भुंकायला लागली. मग ते उठले, मातीनं माखलेली विजार झटकली, वळून खिडकीतून आपल्याच खोलीत डोकावले आणि एकदम गंभीर झाले.

“ही खोली कुणाची?”

“तुमचीच, मामंजी.”

“अंधारकोठडी आहे! मला कुणी सांगितलं का नाही?”

(घरात उजेड हवा, असं मी गेली सहा वर्षं दर वसंतात सांगत होते. पण ती वेळ हिशेब काढायची नव्हती.)

दुसऱ्या दिवशी ते गोअरला गेले आणि रंगाचे डबे घेऊन आले. पिवळा, ताज्या लोण्यासारखा. खोली त्यांनी स्वतः रंगवली, आम्हाला आत येऊ दिलं नाही. कपाट आता पलीकडच्या भिंतीला आहे आणि खिडकीत सासूबाईंची खुर्ची. टब काढायला समोरच्या स्वयंपाकघराची चौकट तोडावी लागली, चौकटीबरोबर भिंत डुगडुगायला लागली, तेव्हा मामंजीच म्हणाले, “भिंतच काढा, तसंही तिच्यात उंदीर सोडून कुणी राहत नव्हतं.” आणि पहार घेऊन आधी तेच पुढं. त्यामुळं बोळ आणि स्वयंपाकघर आता एकच झालंय, सकाळचं ऊन थेट पुढच्या दारापर्यंत येतं, आणि शेगडीजवळ उभी राहून मला टेकडी दिसते. किंतानाखाली रिमूच्या लाकडाच्या फळ्या निघाल्या, मधासारख्या रंगाच्या. आम्ही तेल पाजून तशाच ठेवल्यात. टब मागच्या खोलीत बसला, नळ लागले, आणि ‘एवढं मळतं कोण’ विचारणारे मामंजी आता रोज संध्याकाळी त्यात शिरतात आणि सगळं गरम पाणी संपल्यावरच बाहेर येतात.

इथवर सगळं गोड. पण वन्सं, त्यांना आता रंगाचं वेडच लागलंय हो! दारं झाली, व्हरांड्याचे खांब झाले, कोंबड्यांचं खुराडं झालं (कोंबड्या त्यानंतर आठवडाभर आत जाईनात), कुत्र्यांची घरं झाली. नेव्हिल ट्रॅक्टर जरा लांबच लावतो. परवा टलकबाईंच्या स्वयंपाकघरात बसून मामंजी त्यांना म्हणाले की तुमचे पडदे तुमच्या भिंतीशी भांडतायत. बाई रडकुंडीला येतील असं मला वाटलं, तर बाईंनी त्याच रात्री पडदे उतरवले आणि तारेवर सगळ्यांना तो सल्ला आपला म्हणून सांगितला. आता पाचही घरांतून मामंजींना बोलावणी येतात.

आणि मग गेल्या रविवारी ते दिवाणखान्यात उभे राहून गुलाबांच्या कागदाकडे बघायला लागले. मी म्हटलं, “मामंजी, हा नको. हा सासूबाईंचा आहे.” मी, जिनं या सगळ्याला सुरुवात केली, ती मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले! रडलेसुद्धा थोडी. सासूबाई मला फारशा लाभल्या नाहीत, पण त्यांनी मला पहिला चहा दिला तो त्या गुलाबांखाली. मामंजी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “पोरी, हे गुलाब तुझ्या सासूनं, जीननं, आणलेच नाहीत. मी आणले. तिला निळा हवा होता. मी न विचारता गुलाब आणून लावले आणि तिला दाखवले. ती म्हणाली छान आहेत. तीस वर्षं ती छान आहेत म्हणाली.”

मग आम्ही दोघांनी मिळून गुलाब उतरवले. एकच तुकडा मी शिवणाच्या डब्यात ठेवलाय. भिंती सध्या उघड्या आहेत. मामंजी त्यांच्याकडे बघत बसतात आणि ब्रशला हात लावत नाहीत.

बाकी विशेष काही नाही. लोकर कातरणारे पुढच्या आठवड्यात येतील. क्लाइव्हरावांना नमस्कार, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमची,
रोना

ता. क. हे पत्र मामंजींच्याच हाती देतेय. ते तुमच्याकडे निघालेत, गाडी घेऊन, एकटे. तुमच्या छपराची पन्हळ बघायला येतोय असं सांगतील. त्यावर विश्वास ठेवू नका. सासूबाईंना हवा असलेला निळा नेमका कोणता, हे त्यांना तुम्हाला विचारायचंय आणि स्वतःहून ते कधीच विचारणार नाहीत. तेव्हा वन्सं, विषय तुम्हीच काढा. आठवत नसेल तरी कुठलातरी निळा ठामपणे सांगा. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २. आणि जमलं तर लोकर कातरून होईपर्यंत त्यांना ठेवून घ्या. मेंढ्या रंगवायला निघतील अशी मला खरंच धास्ती आहे. पाकीट नीट चिकटवलंय. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्यांतले ते नाहीत.

ता. क. ३. मोराग, मी वाटेत ओमारूला चहाला थांबलोय. इथली बाई भली आहे, किटलीच्या वाफेवर पाकीट धरू दिलं. रोना चांगलं लिहिते पण मी डेलियांत पडलो नव्हतो, उतरलो होतो. मेंढ्या रंगवायचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, आता आलाय. निळा मला विचारायचा नाही, मला ठाऊक आहे. तुझं लग्न झाल्यावर तुझ्या बाहेरच्या खोलीचा कागद तुझ्या आईनं निवडला होता. घरी लावता आला नाही तो निळा तिनं तुझ्याकडे लावला. मी तेव्हा भिंतीकडे पाहिलं नाही, बाहेर पन्हळ बघत होतो. आता त्या खोलीत मला थोडं बसायचंय. तू वाचत असताना समोर उभं राहणं मला जमणार नाही, म्हणून तिथं आल्यावर पत्र दाराखालून सरकवीन आणि पायरीवर थांबेन. वाचून झालं की दार उघड. आणि क्लाइव्हनं मधल्या काळात ती भिंत पांढरी केली असेल, तर त्याला मागच्या दारानं पाठव. रंगाचे डबे गाडीत आहेत.

तुझा बाप