नारळाखालचे शिंगाडे

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९. सकाळी ९.४० वाजता शेजारच्या वसंतरावांनी गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला. एक बाई नालीच्या पाण्यात शिंगाडे धुते आहे. खाली मजकूर: ‘पवनीच्या शिंगाडेवालींपासून सावधान.’ बाईमागे नारळाच्या झाडांची रांग. आमच्या कोणत्या तलावावर नारळ आहेत?

दुपारी आमची शिंगाडेवाली सुमन टोपली घेऊन आली, तर गल्लीत एकही दार उघडलं नाही. मी वसंतरावांना गाठलं.

‘मॅडम, तुमाले काहून एवढा राग? जावयानं पाठवला. इंजिनिअर हाये तो.’

‘इंजिनिअरला नारळ ओळखू येत नाही?’

‘ढिवर लोकं असेच रायतेत ना.’

म्हणजे सुमनच्या मासेमार जातीचं नाव पुरे; फोटो नीट बघायची गरजच नव्हती. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर विचारायच्या, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? इथे हा प्रश्न मी एकटीच विचारते.

सुमन रोज माझ्या पायरीवर बसून, शिंगाडे सोलत गप्पा मारायची. आज टोपलीसुद्धा उतरवली नाही. ‘राहू द्या बाई, तुमालेबी नावं ठेवतीन.’ ती तशीच परत गेली; एकटीच्या या घरात तेवढ्याच गप्पा व्हायच्या.

वसंतरावांना आत्ताच लिहून पाठवलं: फोटो कुठला, कोणी काढला, ते सांगा. सांगता येत नसेल तर सुमनची माफी मागा. त्याच ग्रुपवर, लेखी, रविवारी दुपारी बाराच्या आत.