सरळ केलेला राजा

रविवार, संध्याकाळ. बोईसर.

आज बुद्धिबळाची स्पर्धा जिंकलो आणि स्वतःचीच किळस येतेय. शेवटच्या डावात समोर एडवणचे नामदेवकाका होते, होडीवर जाणारे. मी हरतच होतो. त्यांनी स्वतःचा वाकडा झालेला राजा बोटाने नुसता सरळ केला. खेळायला नव्हे, हे मला स्वच्छ दिसलं होतं. तरी मी पंचांना बोलावलं.

"यांनी राजाला हात लावलाय. आता तोच हलवायला पाहिजे."

काका म्हणाले, "आमी बंदरावर असाच सरळ करतो. त्याला चाल नाय म्हणत."

सरळ करतोय असं आधी सांगितलं नव्हतं, म्हणून पंचांनी माझ्या बाजूने निकाल दिला. राजा हलताच त्यांचा हत्ती उघडा पडला. मी तो मारला. नियमानेच ना? मग ते बोट डोळ्यांपुढून का जात नाही?

मी बक्षीस घेताना पहिली टाळी काकांनीच वाजवली.