खफजीतले बिननावाचे दगड

चाचा, गेल्या महिन्यात तुमची मुलगी येऊन गेली. उमऱ्याला आली होती. मक्का-मदिना झाल्यावर यजमानांना घेऊन दम्मामला नणंदेकडे उतरली. यजमानांनी मक्केतच पाय मुरगळून घेतला होता. ते आल्या आल्या पाय उशीवर टाकून जे आडवे झाले ते विमानाच्या वेळेलाच उठले. मग खफजीला जायला आम्ही तिघंच उरलो, मी, माझी बायको आणि ती. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती म्हणे. आता प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी गाडी जरा दामटली की मागून "भाऊ, घाई कसली आहे?" असं येई, आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, निमूट वेग कमी करायचो. नाक तुमचं, हसणं तुमचं. छातीचं मी आधीच विचारून घेतलं. दमा नाही म्हणाली, त्या बाबतीत आईवर गेलेय. मला फार बरं वाटलं.

येण्याआधी तिनं फोनवर एकच विचारलं होतं. "भाऊ, अब्बांची कबर दाखवाल ना? आमच्यातलं कुणीच अजून तिथं गेलेलं नाही. अम्मी तर तेवढं एक मनात ठेवून गेली." आणि मी काय बोललो असेन? "ताई, तो दगड मी माझ्या हातांनी घडवलाय. डोळे मिटून दाखवीन." बोलायला आपलं काय जातं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "डोळे उघडे ठेवून तुम्हाला स्वतःची चप्पल सापडत नाही." तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण गेल्या कित्येक वर्षांत मी खफजीला फिरकलेलो नव्हतो, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आपली गाठ कशी पडली, आठवतं? मी खफजीच्या मजूर कॅम्पात नव्या न्हाणीघरांच्या फरश्या बसवतोय. भर दुपार, बाहेर ऊन नुसतं भाजतंय, आणि खिडकीखालून कुणीतरी आपल्या कोकणातली सणसणीत शिवी हासडतं. मी थापी हातात घेऊन तसाच बाहेर. पाहतो तर एक किडकिडीत माणूस, डाव्या खांद्याला छिन्न्यांची पिशवी, हातात दम्याचा पंप. पंपातलं औषध संपलंय म्हणून त्या पंपाच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय. मी पाणी आणून दिलं. तुम्ही प्यालात, धाप जिरेपर्यंत भिंतीला टेकून बसलात आणि मग विचारलंत, "चिपळूनचा का रं तू?" "गुहागरचा," मी म्हटलं. "मंग बरोबर. पानी देतोस, पन ग्लास भरत नायस." त्या दिवसापासून मी तुम्हाला चाचा म्हणायला लागलो आणि तुम्ही मला मरेपर्यंत अर्ध्या ग्लासावरून बोललात.

तुम्ही गावांची परीक्षा छातीनं करायचात. कतीफला तुमच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा त्या मालकाचं, संगमरवराचं दुकान होतं. तिकडे कबरीवर नाव कोरायची चाल आहे, म्हणून तुम्हाला खास त्या कामाला आणलेलं. अक्षर देखणं, गिऱ्हाईक खूश, पण खजुरांच्या बागांतली ती दमट हवा काही तुम्हाला सोसेना. कफील म्हातारा मोठा भला माणूस. तुमचं खोकणं ऐकून त्यालाच झोप लागेना झाली तेव्हा म्हणाला, यल्ला, जिथे श्वास मिळेल तिथे जा, बरं वाटलं की परत ये. तुम्ही ते शब्दशः घेतलंत. मिळेल त्या ट्रकनं कुवेतच्या सरहद्दीकडची गावं धुंडाळत सुटलात. कुठे झोप छान पण पाणी खारट, कुठे पाणी गोड पण धूळ फार, असं प्रत्येक गावाला नावं ठेवत ठेवत शेवटी खफजीबाहेरच्या आमच्या कॅम्पाशी येऊन टेकलात. समुद्र तिथूनही फार लांब नाही, पण वाळवंटाच्या अंगाला तुमची छाती मोकळी व्हायची. तिथूनही महिन्या-दोन महिन्यांनी पिशवी उचलून नाहीसे व्हायचात आणि खोकत परत यायचात. दवाखान्यातला इजिप्तचा डॉक्टर सांगायचा, दगड सोड. तुमचं उत्तर ठरलेलं, "दगड सोडला तर खोकायला कारन काय सांगू?" तुमच्या मोडक्या अरबीत हे ऐकून तो इतका हसायचा की पुढच्या वेळी तुम्हाला रांग न लावता आत घ्यायचा.

आणि तुमचा तो पाटा. कॅम्पातला मिक्सर जळला, सगळे हळहळायला लागले, तर तुम्ही म्हणालात, दगडाच्या मुलखात बसून मिक्सरसाठी काय रडता? गावाकडे तुमच्या वडलांचा पाटे-वरवंटे घडवायचा धंदा, तेव्हा अधिकारवाणीनंच बोललात. चांगला रुंद पाटा घडवलात, त्याला टाकी लावलीत, वरवंटा गोल केलात. केरळच्या आचाऱ्यानं ओलं खोबरं, मिरच्या, आलं काढून दिलं आणि आम्ही सगळे ताटं घेऊन बसलो. चटणी दिसायला फक्कड. पहिला घास तोंडात गेला आणि सगळीकडून एकच कचकच. इथला दगड आपल्या काळ्या दगडासारखा कुठला, मऊ चुनखडीचा. चटणीबरोबर निम्मा पाटाही वाटला गेला होता. सगळे तुमच्याकडे बघताहेत आणि तुम्ही शांतपणे चावताय. "खा, खा. कॅल्शियम हाय. हाडांना बरा." त्या पाट्यावर पुढे आचारी भाजी चिरायचा.

खफजीकडे कबरीवर नाव घालत नाहीत. डोक्याशी एक दगड, पायाशी एक, खलास. लोक घाईगर्दीत सिमेंटचा तुटका ब्लॉकही रोवून मोकळे व्हायचे आणि ते तुम्हाला बघवायचं नाही. कुणी ट्रक ड्रायव्हर गेला, कुणी मेंढरं राखणारा गेला, कुठल्या कुठल्या देशांतून आलेला मजूर गेला, की तुम्ही न बोलावता दगड घेऊन हजर. नाव नाही म्हणजे नाही, ती इथली रीत तुम्ही कसोशीनं पाळलीत. पण प्रत्येक दगडाची घडण निराळी हवी, हा तुमचा हट्ट. एकाचा माथा गोल, एकाचा सपाट, एकाचा उजवा खांदा उतरता. मी विचारलं, कशाला एवढी मेहनत? तुम्ही तोंडावरचं ओलं फडकं खाली ओढून म्हणालात, "उद्या घरचा कोन शोधत आला तर त्याला वळखता नको? येवढ्या लांब येवन आपलाच मानूस सापडला नाय तर त्यानं काय करावा?"

एकदा तुमची खाल्लेली बोलणी मी विसरलेलो नाही. तुम्हाला धाप लागली होती म्हणून एका सुदानी बेकरीवाल्याच्या कबरीचा दगड रोवायचं काम मी अंगावर घेतलं. फरशीवाला माणूस मी, माझ्या पद्धतीनं केलं. लेव्हल लावली, ओळंबा धरला, दगडाच्या बुडाशी पांढरं सिमेंट भरून ओल्या स्पंजानं पुसूनही घेतलं. स्वतःवरच खूश होऊन उभा होतो. तुम्ही आलात, कमरेवर हात ठेवून बघितलंत. "ही काय न्हानीची लादी हाय? खाली मानूस निजलाय, नळ नाय बसवायचा. उखड आधी." मी म्हटलं, चाचा, अगदी सरळ बसलाय. "तेच तर. निजलेल्या मानसाच्या उशाशी असा ताठ कोन उभा ऱ्हातो? थोडा कलू दे त्याला." मी धुसफुसत सगळं उखडलं आणि पुन्हा रोवलं. आता इथे दम्मामच्या फॅक्टरीत मशिनवर ओटे कापतो आम्ही, नव्या माणसाला लेव्हल धरायला शिकवताना मला हटकून तुमचा तो आवाज ऐकू येतो आणि हसू फुटतं. त्याला वाटतं मी त्यालाच हसतोय.

माझी मुलगी जन्मल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही तडक उठून गेलात. परत आलात ते पोत्यात गुंडाळलेला दगड घेऊन. त्यावर तिचं नाव, देवनागरीत, भोवती वेलबुट्टी. "जलमभर मेलेल्यांची नावं कोरली," म्हणालात, "जित्या मानसाचा पयलाच." तो दगड इतका जड की गावी न्यायचा विचारच सोडावा लागला. आज आमच्या फ्लॅटच्या दाराला तो आडवा लावलेला असतो. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचा धाकटा भाऊ इथल्या इंडियन स्कूलमध्ये आहे, तो म्हणतो, "पपा, इट लुक्स लाइक अ ग्रेव्हस्टोन." त्याची आई त्याच्या पाठीत धपाटा घालते. पण खरं सांगतो, पोरगं चुकीचं काही बोलत नाही.

तुम्ही गेलात हिवाळ्यात, धुळीचं वादळ होऊन गेल्यावर. दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असताना मला खुणेनं ग्लास दाखवलात, भरून आण म्हणून. मी काठोकाठ भरून आणला, तोवर तुम्हाला झोप लागली होती, आणि त्या झोपेतून तुम्ही उठला नाहीत. घरून निरोप आला, त्यांना तिथेच मातीत ठेवा. मी हिंदू माणूस, मला तुमचं काय कसं करतात ते ठाऊक नव्हतं. एक पाकिस्तानी ड्रायव्हर म्हणाला, "भाई, तू कंधा दे, बाकी हम देख लेंगे." मी खांदा दिला. मी खूप रडलो चाचा, सगळ्यांदेखत. मग तुमचीच छिन्नी घेऊन तुमचा दगड घडवला. पिशवीच्या ओझ्यानं तुमचा डावा खांदा कायम उतरलेला, म्हणून दगडाचाही डावा खांदा उतरता केला. तळहाताला फोड आले. लेव्हल न लावता रोवला आणि त्याला छान कलू दिलं.

तर गेल्या महिन्यात आम्ही तिथे पोचलो. बायकांनी कबरस्तानात जायची इथे चाल नाही, हे तिला माहीत होतं. ती फाटकाच्या गजांशी उभी राहिली, शेजारी माझी बायको. "भाऊ, तुम्ही जा, त्यांच्याजवळ उभे राहा. मी इथून बघते." मी आत शिरलो आणि पाहतो तर काय. भिंत नवी, फाटक दुसऱ्याच बाजूला, आणि दगड सगळे एकसारखे. इथला वारा वर्षभर बहुतेक एकाच बाजूनं येतो. त्यानं मऊ दगड घासून घासून गोल माथा, सपाट माथा, सगळं पुसून टाकलं होतं आणि जाता जाता जो तो दगड डाव्या खांद्याला उतरता करून ठेवला होता. तुमची जी खूण मी एवढी कौतुकानं केली, ती आता त्या अख्ख्या कबरस्तानाची होती.

जुन्या पाण्याच्या टाकीवरून अंदाज घेत घेत मी मागच्या ओळीत गेलो. तिथे शेजारी शेजारी दोन दगड, दोन्ही कललेले, दोन्हींचा डावा खांदा उतरता. उकिडवा बसून मी छिन्नीच्या खुणा बोटांनी चाचपल्या, एकही लागली नाही. तेवढ्यात खिशात फोन वाजला. "सापडली का भाऊ?" मी फाटकाकडे बघितलं. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते. मी म्हणालो, "सापडली." ती म्हणाली, "दगडावर हात ठेवाल? माझा म्हणून." चाचा, दोन दगडांत हातभर अंतर. मी फोन चालूच वाळूवर ठेवला, मध्ये गुडघे टेकले, उजवा हात एकावर ठेवला, डावा दुसऱ्यावर. ती तिथून दुवा पढत राहिली. चांगलं सावकाश पढली. माझी पाठ भरून आली, डोळ्यांत रेती गेली, पण हात उचलले नाहीत.

मी फाटकाशी परतलो तेव्हा तिनं डोळे पुसले आणि मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "दोन्ही हात का ठेवले होते?" मी म्हटलं, "गुडघे गेलेत ताई, आधार लागतो." तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी तुमच्यासारखं, पाण्याचा ग्लास किती भरलाय ते बघावं तसं. मग म्हणाली, "बरं केलंत. शेजाऱ्यालाही बरं वाटलं असेल." आणि गाडीत बसून तिनं माझ्या बायकोच्या डब्यातल्या घावनांवर ताव मारला, दम्माम येईपर्यंत तुमच्या गोष्टी मागून मागून ऐकल्या, पाट्याच्या गोष्टीला इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता तिचा निरोप येतो, अब्बांची जागा पाहिल्यापासून जिवाला थारा मिळाला. तिला सगळं काही कळलं होतं की काहीच नाही, हे विचारायची माझी छाती नाही. माझी बायको फोनवर सगळ्या गोतावळ्याला सांगते की एवढ्या दगडांतून हे सरळ चालत गेले. मीही मान डोलावतो. आज सुट्टी होती, तर तुमच्या मुलीला एकदा खरं काय ते लिहून टाकू म्हणून कागद घेतला, आणि वर चाचा असं लिहून बसलो. आता हा कागद कुणाला पाठवायचा? तुमच्यापाशी मात्र कबूल करतो. उजव्या हाताखाली होतात की डाव्या, मला सांगता यायचं नाही. पण दोहोंपैकी एका हाताखाली तुम्हीच होतात, एवढं मी छातीठोक सांगतो. निदान ओळ तरी तीच होती, असं मला वाटतं.