ताशी चौदा किलोमीटर

८ जून
आयपेरीनं बिश्केकहून घड्याळ पाठवलं. पावलं, धाव, नाडी सगळं मोजतं आणि तिच्या फोनवर चुगली करतं. डॉक्टरांनी माझ्या ब्लडप्रेशरवरून तंबी दिल्यापासून पोरगी घाबरलीय. सप्टेंबरात सरोवराकाठी दहा किलोमीटरची शर्यत आहे, त्यात माझं नावही घातलंय. उद्यापासून पहाटे पाच. ठरलं म्हणजे ठरलं.

९ जून, ५.१०
बाहेर दव. बूट ओले झाले तर सर्दी, आणि सर्दीत धावणं हृदयाला वाईट. उद्या.

१४ जून
घोड्या घेऊन डोंगरातल्या कुरणावर आलो. इथली हवा विरळ. नुसतं बसलं तरी अर्धा व्यायाम होतो.

१७ जून
तंबूत शिरेल त्यानं कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, पखाल घुसळायचीच, नवऱ्याला सूट नाही, असं बायकोचं, बातमाचं, म्हणणं. घुसळली. घड्याळ थरथरलं: अभिनंदन, सहा हजार पावलं! मी जागचा हललो नव्हतो. पण यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला?

२५ जून
आता रोज मीच घुसळतो. वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, भावोजी, तुमच्यासारखी सून मिळणार असेल तर आम्ही देज म्हणून वीस घोडे मोजू. दुर्लक्ष केलं. खेळाडूला हे सोसावं लागतं.

३ जुलै
फोनला रेंज फक्त डोंगराच्या धारेवर. घोड्यावरून गेलो, दुडक्या चालीनं. घड्याळात नोंद: धाव, अकरा किलोमीटर, ताशी चौदा. पुसणारच होतो, तेवढ्यात आयपेरीनं दहा लाल बदाम पाठवले. आता कसं पुसणार? मांड्या माझ्याही दुखल्याच की.

१९ जुलै
आयपेरी विचारते, एवढ्या वेगात नाडी फक्त शहाऐंशी कशी? कळवलं, मन शांत ठेवतो. तिनं ते कुठल्याशा कोचला दाखवलं. असा माणूस त्यानं जन्मात पाहिला नाही म्हणे. मीही नाही.

११ ऑगस्ट
खरं सांगून टाकायला धारेवर गेलो (घोड्यावरूनच, आणखी अकरा). तर तिचीच बातमी आधी: तीही जुलैपासून रोज धावतेय, शर्यतीत माझ्याबरोबर उतरणार. बाबा चौपन्नाव्या वर्षी करतात, मग मला काय धाड भरलीय, म्हणाली. शाब्बास म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उद्यापासून खरंच.

२ सप्टेंबर
खाली गावात उतरलो. सराव सुरू करणार, तर शेजारच्या आजोबांकडे मेजवानी. वडीलधाऱ्यानं स्वतःच्या हातानं मेंढीच्या शेपटीची चरबी तोंडात घातली तर तोंड मिटून बसायचं का? चार वडीलधारे होते. नंतर झोप लागली.

१३ सप्टेंबर, दुपार
उद्या शर्यत. काळजी नाही. शरीराला सगळं आठवतं. लहानपणी मी शाळेत धावतच जायचो. बातमा म्हणाली, शाळा तुमच्या दारासमोर होती.

१४ सप्टेंबर
आयपेरीच्या त्या कोचनं मला सगळ्यात पुढे उभं केलं. हेच ते, हेच ते, असं लोकांना सांगत होता. शिट्टी झाली. सातशे मीटरवर मी रस्त्याकडेला बसलो.

आयपेरी पुढे निघून गेली होती. वळून पाहिलं आणि परत आली. म्हटलं, तू जा. गेली नाही. मग सगळं सांगून टाकलं, पखाल, घोडा, सगळं. वाटलं चिडेल, नाहीतर हसेल तरी. ती एवढंच म्हणाली, बाबा, मी रोज उठून आधी तुमचा नवा आकडा आलाय का बघायचे. वाटायचं, माणूस बरा होतोय.

मला फार लाज वाटली.

तिची तयारी पंचावन्न मिनिटांची होती. आम्ही चालत पोचलो दोन तास वीस मिनिटांनी, तोवर कमानसुद्धा उतरवली होती. सगळी वाट तिनं माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं आधार देतेय. पोचल्यावर तिचे ओठ हलताना दिसले, तेव्हा कळलं, ती नाडी मोजत होती.