दाराबाहेरचा बाक

…आणि म्हणून मी अजूनही नाहीच म्हणतो, ताई. तुझी चारही पानं वाचली (दुसरं पान खोलीतल्या सोबत्याकडून वाचून घेतलं, तुझं अक्षर नर्सचं कमी आणि डॉक्टरचं जास्त झालंय). पक्षाने तुला संसदेचं तिकीट दिलं, पण कुठलं? जिथे पक्षाचा माणूस जन्मात निवडून आला नाही तिथलं! म्हणजे पाहुण्याला मोडकी खुर्ची द्यायची आणि वर म्हणायचं, बसा की. अनामत तुझी तूच भर म्हणतात, बाबा दमडी सोडत नाहीत, महिनाअखेर अर्जाची मुदत संपते, आणि मग आठवला कोण, तर धाकटा भाऊ! असो. रागाच्या भरात नमस्कार राहिलाच. तुला आणि भाऊजींना साष्टांग नमस्कार, भाचीला पापा. कंबर कशी आहे? (रात्रपाळ्या कमी कर.) मी मजेत, गुडघे सोडून.

तुला ठाऊक नाही, पण सध्या मी रोज संसदेतच असतो. छाती फुगवू नकोस, लाद्या बसवायला. सभागृहाच्या दाराशेजारी पुरुषांची मुतारी होती, तिथे आता बायकांचं स्वच्छतागृह करतोय. आजवर ते होतं दोन मजले खाली, अडगळीच्या खोलीमागे. इमारत बांधली तेव्हा इथे बाई निवडून येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि इथली रीत अशी की मतदानाची घंटा वाजली की थोड्या वेळाने दारं लावून घेतात. बाहेर राहिला तो राहिला, मग तो मंत्री का असेना.

काल लाद्या बसवत उंबऱ्यापर्यंत आलो (आम्ही आतल्या भिंतीपासून मागे मागे सरकत येतो, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकायचो). उंबऱ्यापाशी सिमेंटचा ओला माल पसरला, दाराला ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवली आणि उरलेल्या लाद्या आणायला गेलो. येताना हात भरलेले असणार म्हणून दार सताड उघडून ठेवलं, आणि पाटी गेली भिंतीकडे! (मुकादम म्हणतो, असली अक्कल विकत मिळत नाही.) परत येतोय तर एक म्हातारे खासदार आत शिरताना दिसले. चाळीस वर्षांची सवय, पाय काही डोळ्यांना विचारत नाहीत. थेट घोट्यापर्यंत सिमेंटात. मी ओरडलो, “आजोबा, बायकांचं आहे!” ते म्हणाले, “कधीपासून?” आणि घंटा वाजली. बूट काही निघेनात. शेवटी ते बूट तिथेच सोडून मोज्यांवर धावले, आणि मी बूट उपटून त्यांच्या मागे. तोंडावर दार बंद. तेवढ्यात जिन्यावरून एक खासदार बाई धापा टाकत आल्या. त्याही बाहेरच.

आजोबा असे तापले! हा काय अन्याय, माणसाने साधं मोकळं व्हायलाही जायचं नाही? बाईंनी रुमालाने घाम पुसला, दाराबाहेरच्या बाकावर बसल्या, जरा सरकल्या आणि म्हणाल्या, “या काका, बसा. मी अकरा वर्षं याच बाकावर बसतेय.”

आजोबा बसले. माझ्या हातून बूट घेतले आणि मलाच म्हणाले, “कधी होणार रे ते तुझं?” बाई म्हणाल्या, “लवकर कर, आणि मोठं कर. आत्ता आम्ही पाचांत एक आहोत. निम्म्या होईपर्यंत थांबणार नाही.”

तरी माझं मत बदललेलं नाही. दोन मजले धावत चढायचं वय आहे का तुझं?

तुझा,
धाकटा

ता. क. स्वच्छतागृहात चार संडासांचं माप दिलं होतं, मी सहा बसतील असं आखलंय. कुणी विचारलं तर माप चुकलं म्हणेन. माझ्याबद्दल ते कुणालाही पटतं.

आणखी ता. क. उंबऱ्याची लादी खरबरीत निवडून बसवली, घसरायची नाही. तुझी कंबर डोळ्यांसमोर होती.

शेवटचा ता. क. डिपॉझिट जप्त झालं तर मी काही बोलणार नाही (एकदाच बोलेन). बाबांनी विचारलं तर सांग, भावाने गळक्या छपरासाठी पैसे पाठवले. अनामतीचे पंचवीस हजार, आणि धावता येईल अशा धड बुटांचे बाराशे. एकूण सव्वीस हजार दोनशे.