चौथ्या दिवशीची कापणी

रिसाली, भिलाई
ता. ८ जुलै १९६२

चि. सौ. वच्छलेस,
दादाचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू तिकडे गोंदियाच्या क्वार्टरात गाल फुगवून बसली असशील, ते मला इथूनच दिसतं. रेल्वेतून सुटलेला म्हातारा रिकामा असतो असं तुम्हा साऱ्यांना वाटतं. चाळीस वर्षं रुळाखालची गिट्टी राखली, आता पाच गाई राखतो. फरक एवढाच की गिट्टी पहाटे चारला हंबरत नाही.

नाल्याकाठचं पाऊण एकर मी मागल्या साली बटाईनं घेतलं, त्यात हत्ती गवत लावलं. उसासारख्या कांड्या रोवायच्या, फुटवा आला की कापायचं, कापलं की पुन्हा फुटतं. शेतकी खात्याची पुस्तिका मी अक्षर अक्षर लावून तीनदा वाचली. तीत लिहिलं आहे की या गवताला नत्र हवं, दर कापणीनंतर पांढरं खत द्या. आणि खत कुठून, तर आमच्या चिरंजीवांच्या, नरहरीच्या अंगणातून. कारखान्यात कोळसा भाजतात, त्याच्या वाफेतून हे साखरेसारखं खत निघतं. ठेकेदाराचे हमाल पोती वॅगनमध्ये चढवतात, आपला नरहरी त्यांचा मुनशी. पोती फुटून फलाटावर जे सांडतं, ते झाडून तो घरी आणतो. मातीत जायचं ते मातीतच गेलं.

गवत काय सांगू. बिसाहू राऊत त्यात शिरला की त्याचं नुसतं मुंडासं दिसतं. हा बिसाहू माझा गुराखी, धारही तोच काढतो. धार काढताना गाईशी छत्तीसगढीत बोलत बसतो आणि माझ्याशी बोलायला त्याला सवड नसते. अंगठेबहाद्दर, पण तोरा मामलेदाराचा. काल मला म्हणे, दाऊ, गवताला गवताचा वास यावा, याला कारखान्याचा येऊन राहिला. मी म्हटलं, तू नाक सांभाळ, मी दूध मोजतो. दूध दीडपट झालं आहे. कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या बाया लोटे घेऊन सकाळीच रांगेत उभ्या.

सूनबाई रमाला पाचवा महिना आहे. नरहरीचं नाव कारखान्याच्या कायम नोकरीच्या यादीत लागलं, दसऱ्यापर्यंत हुकूम निघेल म्हणतात. तुझे यजमान रात्रपाळीला असले की दाराला आतून अडसर घाल. माया आहे ती दाट राहू दे, सेक्टरच्या दुधासारखी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


गोंदिया
ता. १९ जुलै १९६२

ती. दादांस,
वच्छलेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं आणि हसूही आलं. पी हळद अन् हो गोरी, असं तुमचं लहानपणापासून. आठवतं, परसातली वांगी लवकर मोठी व्हावी म्हणून तुम्ही आईची राखेची टोपली एकाच रोपाला घातली होती. रोप दोन दिवसांत मान टाकून बसलं आणि मार मी खाल्ला.

पुस्तिकेत किती लिहिलं आणि तुम्ही किती टाकता, ते मात्र पत्रात नाही. रमाला घरचं दूध द्या, विकायच्या नादात तिचा पेला राहायचा. बिसाहूला इतकं बोलत जाऊ नका. धार काढणाऱ्याचं मन मोडलं की गाय दूध आखडते, हे आपल्या आईचं वाक्य. आठवण राहू द्यावी, इतकंच मागणं.

आपली धाकटी
वच्छला


रिसाली
ता. २६ ऑगस्ट १९६२

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद. वि. वि.

तीन गाई गेल्या. गुरुवारी सकाळी चारा खाऊन तासाभरात थरथरू लागल्या, तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. दोन उभ्याच्या उभ्या कोसळल्या, तिसरीनं पाय झाडत दुपार काढली. उरलेल्या दोघी त्या वेळी बाहेर बांधल्या होत्या म्हणून वाचल्या. दुर्गचा ढोरडॉक्टर दौऱ्यावर होता. तिसरीच्या नाकातून रक्त आलं ते लाल नव्हतं ग, कातासारखं तपकिरी होतं. असं रक्त मी जन्मात पाहिलं नाही.

विष घातलं, दुसरं काय. त्या सकाळी चारा बिसाहूनं घातला. मी पहाटेच पेंड आणायला पावर हाउसच्या बाजारात गेलो होतो, परत येतो तो हे. आठवड्यापूर्वी पगारावरून त्याची माझी चकमक झाली होती, ती शेजारच्या गोठ्यांनी ऐकली होती. लोक जमले, कोणी म्हणालं राऊतानंच दावा साधला. मी त्याचं नाव घेतलं. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मीच घेतलं. मग लोकांनी त्याला धरलं. त्याच्या झोपडीत पांढऱ्या पुडीत काही सापडलं, ते पोलिसांनी तपासणीला पाठवलं आहे. तो हवालातीत आहे. उजव्या हाताची दोन बोटं मोडली म्हणतात.

यंदा पावसानं तीन आठवडे दडी मारली होती. कापणीनंतरचं गवत सुकून घोट्याएवढंच राहिलं होतं. आत्ताच तीन दिवस झड लागली आणि ते असं उसळलं की काळं दिसावं इतकं हिरवं. दिवस फिरले म्हणत होतो, तर असे फिरले. उरलेल्या दोघींना सध्या भाताच्या वाळल्या तणसावर ठेवलं आहे, हिरव्याला हात लावायची इच्छा होत नाही. तू काळजी करू नकोस. माझ्या पाठीशी आहेस तशी राहा.

दादा


गोंदिया
ता. १ सप्टेंबर १९६२

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं त्या रात्री जेवण गेलं नाही. गाई तुम्ही लेकरांसारख्या वाढवल्या, त्यांच्यासाठी रडले. पण रडून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं, आणि काही गोष्टी गिळता येईनात.

ज्या माणसाला गाईशी बोलल्याशिवाय धार काढता येत नाही, तो पगाराचा राग गाईवर काढेल का? राग असता तर तुमच्या डोक्यात लोटा घातला असता, आणि मला नवल वाटलं नसतं. चोर सोडून संन्याशाला सुळी असं होऊ नये, दादा. दुसरं, आमच्या यजमानांच्या ओळखीचे इथले ढोरडॉक्टर आहेत. त्यांना रक्ताचा रंग सांगितला, तर त्यांनी एकच विचारलं, की गाईंनी काय खाल्लं आणि त्या चाऱ्याला काय खाऊ घातलं होतं. नरहरीला सांगा, गवताच्या कांड्या कोणा जाणत्याला दाखव.

तिसरं विचारू की नको असं झालं. पावर हाउसची पेंडीची दुकानं सूर्य उगवायच्या आत उघडतात की काय?

राग मानू नये. मानला तर मला लिहा, बिसाहूवर काढू नका.

वच्छला


रिसाली
ता. ७ सप्टेंबर १९६२

ती. आत्याबाईस,
नरहरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी मला दाखवलं. त्यावरून मी नाल्यावरच्या चार कांड्या डब्यात घालून कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या एका मित्राकडे नेल्या. त्यानं कांडी उभी चिरली, तिच्यावर कसल्याशा द्रावाचे थेंब टाकले. क्षणात कांडी दौतीत बुडवल्यासारखी निळी झाली. आत्याबाई, विष गवतातच आहे. तो म्हणाला, गवतानं खताचं नत्र वारेमाप ओढलं, पण आधी पाणी नाही, मग ऊन नाही, त्यामुळे ते पचलं नाही, कच्चंच देठात साठलं. पावसानंतरच्या पहिल्या चार-सहा दिवसांत तर फारच. असं गवत उपाशी गाईनं पोटभर खाल्लं की रक्ताला हवा धरता येत नाही, म्हणून ते तपकिरी पडतं. गाय आतून गुदमरते. पुस्तिकेत एकरी एक मण लिहिलं आहे. बाबांनी एकरी तीन मणांच्या हिशेबानं टाकलं.

हे बाबांना सांगितल्यापासून ते नुसते गोठ्यात बसतात. ते जाऊन चौकीवर सांगतील अशी मला भीती वाटते. सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, की इतकं खत आलं कुठून. सांडलेलं असलं तरी गेटपासाशिवाय आणलेलं आहे, आणि सगळंच काही सांडलेलं नव्हतं, हे तुम्हाला म्हणून लिहितो. नोकरीच्या यादीतून माझं नाव कटेल. रमाला सातवा लागला. बिसाहूवर पुरावा नाही, त्याला पंधरा-वीस दिवसांत सोडतीलच. मग त्याला काही देऊ-घेऊ. झाकली मूठ झाकलेली बरी. गवतही आम्ही तसंच उभं ठेवलं आहे, कारण आता उपटलं तर लोक विचारतील की का.

बाबा तुमचं ऐकतात. गप्प राहायला तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाव्यात, एवढी भाच्याची विनंती पदरात घ्यावी.

नरहरी


गोंदिया
ता. ११ सप्टेंबर १९६२

चि. नरहरीस आशीर्वाद. वि. वि.

दोन ओळी मागितल्यास, चार लिहिते. तुझ्या बाबांना गप्प राहा असं मी लिहिणार नाही. पंधरा-वीस दिवस हा हिशेब तू बाहेर बसून करतोस, बिसाहू आत बसून करत असेल.

पण ते राहू दे, तुमचं तुम्ही ठरवा. हे पत्र हातात पडेल त्या घडीला एक काम करा. गवत कापा, खोल खड्ड्यात पुरा, शेताला काटे लावा. गाईला यादी कळत नाही, तिला हिरवं कळतं. लोकांनी विचारलं तर आत्यानं सांगितलं म्हण, म्हातारीला वेड लागलं म्हण. रमाला जप.

आत्या


रिसाली
ता. १८ सप्टेंबर १९६२

चि. सौ. वच्छलेस,

नरहरीला लिहिलेलं तुझं पत्र तेराला दुपारी मिळालं. ठकूबाईची गाय बाराला मेली.

ठकूबाई तुला ठाऊक नाही. भंडाऱ्याकडची विधवा, एक गाय, दोन घरचा रतीब. तिची गाय सकाळी कुंपणातून आपल्या गवतात शिरली, बारा वाजता तिच्या दारात पडली. तेच तपकिरी रक्त. लोक जमले आणि म्हणू लागले, राऊत तर आत आहे, मग हे कोणी केलं? कोणी तरी म्हणालं, त्याची बायको बाहेर आहे ना. एवढं पुरलं. पंधरा-वीस जण काठ्या घेऊन तिच्या झोपडीकडे निघाले. तिचं नाव सुकवारो. मीही त्यांच्यामागे चालत होतो, आणि अर्ध्या वाटेपर्यंत मी नरहरीच्या हुकुमाचाच विचार करत होतो, हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही.

सुकवारो दार ओढून घेत होती. एकानं दारात पाय घातला. तेव्हा मी पुढे होऊन तिच्या उंबऱ्यावर बसलो. शौर्य समजू नकोस. मी सांगितलं की गाई माझ्या गवतानं मेल्या, ठकूबाईचीही. खत तिप्पट मी टाकलं. आणि बिसाहूच्या घरात सापडलेली पुडी विषाची नाही, तेच खत आहे. त्याच्या दुधीच्या वेलाला म्हणून मी माझ्या हातानं बांधून दिली होती. त्या दिवशी पोलिसांनी पुडी उघडली तेव्हाच मी ओळखली होती. लोक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चंपत दूधवाला एवढंच म्हणाला, मग देवरावजी, तेव्हा बोलले कावून नाही? आणि काठी काखेत मारून निघून गेला. एकेक करून सारे गेले. ठकूबाई तेवढी उभी राहिली. माझी काळी गाय मी त्याच संध्याकाळी तिच्या दारी बांधली. तिनं घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथून मी चौकीवर गेलो. जे होतं ते लिहून दिलं, खत कुठलं तेही. नरहरीला ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी काढलं. यादीतलं नाव गेलं. तो माझ्याशी बोलत नाही. रमाला तो उमरेडला तिच्या आईकडे पोचवायला गेला आहे. जाताना तिनं पाया पडायला वाकून मधूनच हात मागे घेतला. गवत मी एकट्यानं कापलं आणि पुरलं. तीन दिवस लागले.

काल बिसाहू सुटून आला. मी त्याच्या घरी गेलो. त्याची दोन्ही बोटं वाकडी जुळली आहेत, मूठ मिटत नाही. सड धरायला तीच बोटं लागतात, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, उरलेली गाय तुझी, दर महिन्याला माझ्या पेन्शनीतून अर्धी तुझी. सुकवारोनं पाणी आणून ठेवलं, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

मग त्यानं मला एकच विचारलं. आता तुला ते सांगायलाच हवं, कारण मी तुला खोटं लिहिलं होतं. त्या गुरुवारी मी पावर हाउसला गेलो नव्हतो. मी गोठ्यात होतो. गवत पावसानंतर चौथ्याच दिवशी कापायला मीच लावलं होतं. गाई रात्रीपासून उपाशी होत्या. बिसाहू भारा घेऊन दारात थांबला होता, आत येईना. म्हणाला होता, दाऊ, हे जनावराला आज देऊ नका, आधी तणस घाला, हिरवं उन्हात पडू द्या, याचा रंग मले बरा दिसत नाही. दोनदा म्हणाला. मी त्याच्या हातातला भारा हिसकून माझ्या हातानं गव्हाणीत टाकला आणि म्हटलं, तुझ्यापेक्षा मी जास्त वाचलं आहे.

काल तो म्हणाला, दाऊ, हवालातीत रोज वाटत होतं की मी हळू बोललो असेन, तुमच्या कानावर गेलं नसेल. तेवढं सांगा, ऐकलं होतं की नव्हतं.

ऐकलं होतं, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तो दुसऱ्या हातानं पाणी प्याला.

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

देवराव