दिवेवाल्यासाठी कुणी येत नव्हतं

बाबा,

गेल्या रविवारी मी तुमची गोष्ट तीस-चाळीस माणसांसमोर वाचून दाखवली आणि शेवटच्या पानावर आल्यावर ती बदलली. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा तुम्ही येऊन कान धरणार नाही हे मला माहीत होतं. तरी वाचून खाली बसताना एकदा दाराकडे बघितलंच. टाळ्या पडल्या. एक बाई म्हणाल्या, "तुमचे बाबा किती पॉझिटिव्ह होते हो!" मी मान हलवली. पॉझिटिव्ह म्हणे! ऑफिसात कुणी "सब ठीक हो जाएगा, सर" म्हणालं की "कशाच्या आधारावर?" असं विचारणारे तुम्ही.

गुरुग्राममधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही सगळे दिवेवाल्याचे वाचक जमलो होतो. तुम्हाला दिवेवाला सांगायला नको, पण मला तो परत एकदा सांगावासा वाटतोय. पुण्याहून पोस्टानं यायचं ते मासिक, त्यात त्याची गोष्ट क्रमशः यायची. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या ब्लॉकमधल्या चार मराठी घरांत मिळून एकच अंक. पहिला मान तुमचा, कारण छपाईतल्या चुकांखाली पेन्सिलीनं खुणा केल्याशिवाय तुम्हाला वाचल्यासारखं वाटायचं नाही. मग मी, मग बाकीची मुलं. अवकाशात फार लांबवर दिव्यांची ठाणी आहेत, येणाऱ्याजाणाऱ्या यानांना वाट दाखवणारी, आणि एक माणूस एकटाच एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जात ते दिवे दुरुस्त करतो. त्याच्याकडे शस्त्र नाही, शक्ती नाही, पान्यांची एक पेटी आहे. आमचा जीव होता त्याच्यावर. शेवटच्या भागात अगदी टोकाच्या ठाण्यावर त्याचं यान कायमचं बंद पडतं. तो पृथ्वीला विचारतो, कुणी निघालंय का? नियंत्रण कक्ष म्हणतो, निघालंय, वाटेत आहे. वाचणाऱ्याला कळतं की कुणीही निघालेलं नाही. आणि तो पाहुणे येणार म्हणून खिडकीची काच पुसत बसतो. संपली गोष्ट.

ब्लॉकमधल्या झाडून सगळ्या मुलांनी तेव्हा आपापले शेवट लिहिले. माझ्या शेवटात यान येतं, आणि त्यातून दिवेवाल्याची आई पेढे घेऊन उतरते. मी दहा वर्षांची होते. रविवारची सकाळ आहे, आई थालीपीठ थापते आहे, तुम्ही ओट्याला टेकून माझी वही वाचताय. वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "अक्षर छान आहे. पण त्याला खोटं सांगितलं, त्याचं काय?" मी म्हटलं, "पण आता यान आलं ना?" तुमचा आवाज एकदम चढला. "यान आलं हा योगायोग झाला. ज्याची फाइल आहे, त्यालाच ती दाखवायची नाही? हा कुठला न्याय?" आई म्हणाली, "अहो, पोरीची गोष्ट आहे ती, तुमचं मंत्रालय नाही." मी रडत रडत थालीपीठ खाल्लं. आणि मग पुढचे आठ दिवस तुम्ही ऑफिसातून आलात की चहा घेऊन पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसायचात.

तुमच्या शेवटात नियंत्रण कक्षातली एक नवी लागलेली मुलगी वरिष्ठांना न विचारता त्याला सांगते, "तुमच्यासाठी कुणी येत नाहीये." तो हातातला फडका खाली ठेवतो. मग विचारतो, किती तास? ती सांगते. तो तिचे आभार मानतो आणि कामाला लागतो. कुठल्या दिव्याची कुठली वात कमजोर आहे, कुठला पेच उलटा फिरतो, अशी पुढच्या माणसासाठी भलीमोठी यादी तो तिला सांगतो आणि ती उतरवून घेते. भावाला एक निरोप देतो. सगळं आटोपल्यावर तिला म्हणतो, आज डब्यात काय आणलंयस? ती म्हणते, मटकीची उसळ. मग ती दोघं उसळीत गूळ घालावा की नाही यावर बोलत राहतात, आवाज येईनासा होईपर्यंत. मी ते वाचून कागद तुमच्या अंगावर फेकले होते. तुम्ही रागावला नाहीत. कागद गोळा केलेत, टाचणी लावलीत आणि म्हणालात, "मोठी झालीस की वाच."

मी मोठी झाले आणि काय दिवे लावले ते आता सांगते.

बारा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बोलावून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला, दोन महिने फार तर. "पेशंट को बताना है या नहीं, ये आप लोग देख लीजिए," म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. आई तिथंच बाकावर बसली. म्हणाली, "त्यांना कळता कामा नये. हाय खातील ते. तुला माझी शपथ आहे." यात जगावेगळं काहीच नव्हतं. आपल्या ओळखीत जो जो कॅन्सरनं गेला, त्याच्याशी घरच्यांनी हेच केलं होतं, आणि मागाहून सगळे म्हणायचे, बरं झालं, बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. फक्त बाकीच्यांच्या घरात मंत्रालयातला सेक्शन ऑफिसर नव्हता. तुम्ही तिसऱ्या दिवशी रिपोर्ट मागितलात. "सूज आहे म्हणता ना, मग कागद दाखवा," म्हणालात.

म्हणून मी तो कागद तयार केला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटांत. निदानाच्या ओळीतले दोन शब्द काढून त्या जागी सूज आणि संसर्ग घातला, तिसरं पान गाळलं, प्रिंटरवरून तीनऐवजी दोनच पानं काढली आणि टाचली. माझं कामच ते आहे. लोकांनी दिलेली माहिती नीटनेटकी दिसेल असं करायचं. दुपारी तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात, घडी घातलीत, उशाखाली ठेवलात. "बरं," म्हणालात. आणि मग, "दादाला एकदा कळवूया का?"

साताऱ्याच्या काकांशी तुमचं सतरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण आता कुणालाच धड आठवत नाही; मला वाटतं तेव्हाही आठवत नव्हतं. तुम्ही स्वतःहून त्यांचं नाव काढलंत तेव्हा मला समजायला हवं होतं. पण काकांना कळवलं तर ते धावत येणार, ते आले की तुम्ही म्हणणार हा का आला, आणि सगळं उघडं पडणार. म्हणून मी म्हटलं, "बरं वाटलं की आपणच जाऊ साताऱ्याला." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्ही सात आठवड्यांनी गेलात. काका दहाव्या दिवशी पोचले, ब्याऐंशी वर्षांचे, एकटे, रेल्वेनं. दारातच म्हणाले, "अगं, एक फोन करायचा होतास. मी शिव्या खायलासुद्धा आलो असतो." मी त्यांना पाणी दिलं.

पुढं कधीतरी आई तुमचे कपडे वाटून टाकत होती आणि मी हॉस्पिटलची पिशवी रिकामी करत होते. त्यात तो रिपोर्ट निघाला. मी बदललेल्या दोन शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती, कारण अक्षराचं वळण तेवढ्यापुरतं वेगळं पडलं होतं. आणि समासात तुमच्या हस्ताक्षरात, "पृ. ३ जोडलेले नाही." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि तुमच्यापुढं तर मी कोंबडंही धड झाकलं नव्हतं. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी कागदाची होती तशी घडी घातली. आईला तो कागद दाखवला नाही. ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "शेवटपर्यंत आशेवर होते हो ते," आणि त्या वाक्यावर तिचे दिवस निघतात.

तर रविवार. हा वाचकांचा ग्रुप म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेली मुलंच. दिवेवाल्याच्या वेगवेगळ्या शेवटांचं पुस्तक काढायचं चाललंय. एकानं त्याला परग्रहवासी वाचवायला आणले होते, एकीनं त्याचं लग्न लावलं होतं. ग्रुप चालवणारा पुण्याचा गृहस्थ मला म्हणाला, "तुमच्या बाबांचा शेवट म्हणजे हायलाइट आहे आजचा, अगदी सावकाश वाचा." मी टाचणी काढून वाचायला लागले. पहिल्याच रांगेत एक आजोबा बसले होते, ऐन सप्टेंबरच्या उकाड्यात लोकरीची टोपी, मनगटाच्या मागं सलाइनच्या सुईवरची चिकटपट्टी. शेजारी त्यांची मुलगी. नियंत्रण कक्षातली मुलगी माइक हातात घेते त्या ओळीवर मी आले, आणि आजोबांच्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. आरशात सात आठवडे बघितली आहे. मी म्हटलं, "तुमच्यासाठी यान निघालंय. पहाटेपर्यंत पोचेल." आणि पुढचं सगळं मनानं रचत गेले. यादी गेली, भावाचा निरोप गेला, उसळ गेली. यान आलं.

चहाच्या वेळी ते आजोबा कप सांभाळत माझ्याकडे आले. म्हणाले, "शेवटचं पान तुम्ही कागदाकडे न बघता वाचलंत." मी म्हटलं, पाठ आहे मला. ते म्हणाले, "असेल. पण मूळ काय आहे ते मला पाठवाल? मी तेव्हाही वर्गणीदार होतो हो, मला उगाच चुटपुट लागून राहील." त्यांनी नंबर दिला. सोमवारी संध्याकाळी मी तुमचा शेवट अक्षर न् अक्षर टाइप केला आणि त्यांना पाठवला, ग्रुपलाही पाठवला, आणि लिहिलं की काल मी वाचला तो खोटा होता. वाटलं, फिटलं एकदाचं. इतक्या वर्षांनी का होईना, बाबांचं म्हणणं जिथं पोचायला हवं तिथं पोचलं. मोठ्या ऐटीत झोपले मी.

बुधवारी दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. "तुम्हाला कुणी अधिकार दिला?" तिचं पहिलंच वाक्य. "आम्ही पप्पांना काही सांगितलेलं नाहीये. घरात सगळ्यांनी ठरवलंय. आणि तुम्ही, यार, कोण कुठल्या, त्यांना हे वाचायला पाठवता?" मी म्हटलं, त्यांनी मागितलं. ती म्हणाली, "ते काहीही मागतील!" आणि रडायला लागली. ती चूक आहे असं मला म्हणता येईना, कारण तिच्या जागी मी होते तेव्हा मीही अशीच कुणाच्या तरी अंगावर धावून गेले असते. मी बरोबर आहे असंही म्हणवेना. तत्त्व सांगणारे तुम्ही गेलात, आणि सोयीनं खोटं बोलणारी मी उरले. थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "काल जेवण झाल्यावर पप्पा मला म्हणाले, बैस जरा. मी म्हटलं गॅसवर दूध आहे, आणि किचनमध्ये गेले. दूध नव्हतंच." एवढं बोलून ती थांबली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असणार. मी म्हटलं, "काळजी घ्या," आणि फोन ठेवला.

तिला जे सांगायला हवं होतं ते मला सांगता आलं नाही. हे पत्र आईच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून ते कुणालाच दाखवायचं नाहीये. तुम्हाला तेवढं सांगते. तुम्ही रिपोर्ट वाचलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई आंघोळीला घरी गेली होती. खोलीत आपण दोघंच. मी खिडकीशी नातेवाइकांच्या त्या अरुंद बाकावर पडले होते. तुम्ही उठून बसलात, घसा खाकरलात आणि म्हणालात, "जागी आहेस का गं?" मी डोळे मिटून घेतले. श्वास मुद्दाम लांबवला, लहानपणी शाळा बुडवायला करायचे तसा. तुम्ही खूप वेळ थांबलात. मग स्वतःशीच म्हणालात, "झोपू दे. दमली आहे."

मी जागी होते, बाबा.